शब्दचर्चा : ‘पॅरिश’ला आपल्याकडं मराठीत काय म्हणायचं?

कॅम्पातली
बेळगावातल्या आमच्या चर्चच्या फेस्ताचं (सणाचं) पत्रक तीन भाषांत निघतं. इंग्रजी झालं, कन्नड झालं, मराठी माझ्या गळ्यात पडलंय आणि मी पहिल्याच ओळीत अडले. ‘पॅरिश’ला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग आणि तिथली माणसं यांना, काय लिहू? कन्नडवाले ‘धर्मकेंद्र’ लिहून मोकळे झाले. वसईकडच्या छापील मजकुरात ‘धर्मग्राम’ वाचलंय. आजीला विचारलं, तर “फिरगज लिही की, त्यात काय एवढं!” मला फिरगज कळतं, खरं माझ्या पोराला कळत नाही. (बाहेरच्यांसाठी : आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.)

कोशवेडा
आजीचा शब्द कोकणीतून आलाय, त्याच्याही मागं पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’. पोर्तुगालात हे आजही सरकारातलं सगळ्यांत लहान एकक आहे, आपल्या ग्रामपंचायतीसारखं. त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘चर्चचा लेक’ या अर्थाच्या दोन शब्दांत सांगतात. गंमत अशी, की त्याच घरातल्या ‘फ्रेगेश’ शब्दाचा आजच्या पोर्तुगीज बाजारातला अर्थ ‘गिऱ्हाईक’. चर्चचा लेक दुकानात जाऊन गिऱ्हाईक झाला!

आणि तुमचं ‘पॅरिश’ ग्रीकमधून आलंय. तिथं मूळ अर्थ परक्या मुलखात बिऱ्हाड करून राहणं. 1956 ला राज्यांची वाटणी झाल्यापासून आपण बेळगावकर नेमके कुठल्या मुलखात राहतो यावर इतकं भांडलोय, की हा शब्द आपल्यालाच शोभतो म्हणायचं.

बेळगावचा धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा मुलूख, 1953 चा. त्याआधी हा भाग गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली होता. आजीच्या तोंडात फिरगज, इगर्ज (चर्च), विगार (तिथला मुख्य पाद्री), तेर्स (जपमाळेची प्रार्थना) कुठून आले ते वेगळं सांगायला नको. पगार, चावी, घमेलं, पाव, लिलाव हे शब्द त्याच पोर्तुगीजांचे, ते आपण कधीच घरचे केले. ‘नाताळ’ आणि ‘पाद्री’सुद्धा. फिरगज मात्र दाराबाहेरच राहिला, कारण त्याची गरज फक्त आत बसणाऱ्यांना होती.

मूळ वसईचा
आमच्याकडं धर्मग्राम, धर्मप्रांत, धर्मगुरू हे लिहिण्याचे शब्द. छापील मजकुरात चांगले दिसतात. पण “आज धर्मग्रामात जाऊन येतो” असं घरात म्हणून बघा, बायको ताप बघेल.

खानापूरकर
ताई, पत्रकात काय लिहायचं ते लिहा. गावात आम्ही ‘आमचं चर्च’ म्हणतो आणि त्यात माणसं, जागा, जमाखर्च सगळं येतं. “अमक्याचं चर्च कुठलं?” म्हणजे तो कुठल्या पॅरिशचा.

मला शब्दापेक्षा त्याच्यामागं येणारं क्रियापद बघायला आवडतं. लेंटला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाला, आमची जुनी माणसं कोरेज्म म्हणतात (चाळिसाव्याच्या लॅटिन शब्दावरून आलेला), खरं म्हणतात कसं? “कोरेज्म लागला.” श्रावण लागतो तसाच! आणि ईस्टरला “उपास सुटला”. लागतो तोही मराठीत, सुटतो तोही मराठीत, मग मधल्या शब्दाचं गाव विचारायचं कशाला? आदल्या मंगळवारी इंत्रूज. आमचा शेजारी त्याला बिनधास्त “तुमची गटारी” म्हणतो आणि मटणाच्या वासानं वेळेवर हजर असतो. इंत्रूजचं मूळ लॅटिनमध्ये ‘प्रवेश’. म्हणजे उपासात शिरायच्या आधीचा उंबरठा. गटारी तरी दुसरं काय असते?

दुसऱ्या दिवशी कपाळाला राख. ती मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जाळूनच केलेली असते. माझी आई वर्षभर ती झावळी घरातल्या क्रुसामागं खोचून ठेवायची आणि चर्चमधून निरोप आला की वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हाती द्यायची. वाटेत निम्मी मोडायची.

कोशवेडा
मोजणाऱ्यांसाठी : राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दिवस 46 होतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून चाळीस.

कॅम्पातली
लेंटचाही घोळ आहेच. प्रायश्चित्तकाळ, उपवासकाळ की तपःकाळ? कन्नडमध्ये ‘तपस्सु काल’ आहे, त्यामुळे तपःकाळ आमच्या पोरांना लगेच कळतो. प्रायश्चित्तकाळ मला जड वाटतो, ऐकल्याबरोबर काहीतरी गुन्हा केल्यासारखं होतं. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) हा शब्द मात्र मी बदलणार नाही. 30 ऑगस्टला मरियेच्या जन्माची सुरू होते, 8 सप्टेंबरला सण. शेजारच्या काकू विचारतात, “तुमची नवरात्र कधी बसणार?” आणि त्या फारशा चुकत नाहीत. लॅटिनचा ‘नोवेम’ आणि आपला ‘नव’ एकाच मुळाचे. आजी त्या दिवशी शेतातली चार ओली कणसं आशीर्वाद घेऊन आणायची, नखानं दाणे सोलून दुधात टाकायची आणि प्रत्येकाला चमचाभर द्यायची. त्याला फक्त ‘नवं’ म्हणायची. “नवं खाल्लंस काय?” एवढंच. पत्रकात मात्र ‘नवान्न’ लिहिलं. आजीला दाखवलेलं नाही.

शहापूरचा शेजारी
मी तुमच्यातला नाही, तरी एक शब्द माझ्याकडून. लहानपणी दिवाळीला आम्ही किल्ला करायचो आणि नाताळात शेजारची पोरं गोठा करायची. माती आमच्याच किल्ल्याची, वर पेरलेली मोहरीही आमचीच. त्यांच्या मेंढपाळाचं डोकं मोडलं, तर आमचा मावळा जायचा कामाला. ढाल-तलवारीसकट बाळ येशूपुढं उभा! त्यांच्या आईनं त्या मावळ्याला ‘राखणदार’ म्हणून टाकलं. तुमच्या कुठल्या कोशात नसेल.

खानापूरकर
नाहीच. आणि गोठ्याला क्रिब म्हणणारी पोरं हल्ली जास्त.

कॅम्पातली
सगळ्यांचे आभार. शेवटी वर मोठ्या अक्षरात ‘धर्मग्राम’ छापलं, खाली निमंत्रणात ‘आपल्या फिरगजेतील सर्वांना’. पत्रक बरं झालं. फलक लिहिणाऱ्या पेंटरनं मात्र ‘फिरंगजेतील’ लिहून ठेवलं होतं, तो अनुस्वार मी स्वतः चाकूनं खरवडला.

आता शेवटचं. फेस्ताचा खर्च उचलणाऱ्याला गोव्यात ‘प्रेजिदेंत’ म्हणतात. इथं अध्यक्ष लिहिलं तर लोक त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा करतील. काय लिहू?

खानापूरकर
मानकरी.