'मानवी इन्सुलिन' म्हणजे कुणाचं?

कोयनाकाठ: मधुमेह शिबिरासाठी पत्रक मराठीत करतेय. 'ह्यूमन इन्सुलिन'ला सरळ 'मानवी इन्सुलिन' लिहिलं तर एक आजी म्हणाल्या, "कुणाच्या अंगातलं काढलंय गं? मला नको." शेजारणीने लगेच रक्तपेढीसारखं असेल म्हणून ठोकून दिलं. दुसरा शब्द सुचवा ना.

औषधवाला: आजींची शंका रास्त आहे. आधी गायीडुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढायचे, डुकराचं आपल्यापेक्षा एका अमिनो आम्लाने, म्हणजे प्रथिनाच्या एका घटकाने वेगळं, गायीचं तिनाने. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संशोधन केंद्राच्या लोकांनी माणसाच्या इन्सुलिनसाठी जनुकं प्रयोगशाळेत तयार करून ई. कोलाय जीवाणूंत घातली, इन्सुलिनच्या दोन साखळ्यांपैकी २१ अमिनो आम्लांची ए साखळी वेगळी, ३० ची बी वेगळी, आणि मग दोन्ही जोडल्या. १९८२ मध्ये अमेरिकेत विक्रीला परवानगी मिळाली. कुणाच्या अंगातलं काही नाही त्यात, फक्त रचना माणसाची.

भाषावेडा: मग 'मानवसम' म्हणा की.

औषधवाला: सम कसं हो? ५१ च्या ५१ अमिनो आम्लं तीच, त्याच क्रमाने. १९९६ मध्ये लिस्प्रो नावाचं बदललेलं इन्सुलिन आलं, त्यात बी साखळीतल्या २८ आणि २९ क्रमांकांची मुद्दाम अदलाबदल केलीय, मानवसम त्याला शोभेल.

शुद्धमती: 'जनुकीय अभियांत्रिकीद्वारे जीवाणूंच्या किण्वनातून निर्मित' असं स्वच्छ लिहावं. आपले शब्द आपणच वापरले नाहीत तर ते मरतील.

कोयनाकाठ: ताई, किण्वन आजींना कसं कळणार? 'आंबवून' लिहू का?

शुद्धमती: आंबवतात ते इडलीचं पीठ. इथे जीवाणू टाकीत वाढवतात, साखर, हवा, तापमान सगळं सांभाळून, मग ते फोडून प्रथिन बाहेर काढून शुद्ध करतात. आंबवून म्हटलं तर लोक नासलेलंच समजतील.

मिरजकर: किण्वन काही आजचा शब्द नाही, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूच्या संदर्भात किण्व आलंय. म्हणजे आंबवणंच झालं ना ते?

भाषावेडा: आणि इन्सुलिन तरी कुठून आलं, लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट, स्वादुपिंडातल्या 'लँगरहान्सची बेटं' म्हणतात त्या पेशींच्या पुंजक्यांवरून. मी तर 'द्वीपिन' म्हणेन!

औषधवाला: औषधाच्या दुकानात द्वीपिन मागितलं तर रिकाम्या हाताने परत याल. औषधाच्या नावाशी खेळू नका, रोज टोचून घेणाऱ्यांचा प्रश्न आहे.

कोयनाकाठ: 'माणसाच्या इन्सुलिनसारखंच, पण जीवाणूंकडून बनवून घेतलेलं' असं चालेल का? पत्रक छपाईला जायचंय.

शुद्धमती: ते चालेल, पण मिरजकर, किण्व म्हणजे मुळात खमीर, आंबवण्याची क्रिया नव्हे, दोन्हींत गल्लत करू नका.