टॅपिरला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याहून: मुलीला शाळेत प्राण्यांचा तक्ता करायचाय, त्यात टॅपिर आलाय. मराठीत काय लिहू? आजीनं चित्र बघितलं आणि म्हणाली सोंडडुक्कर लिही. असा शब्द आहे का कुठे?

डिचोलीहून: ताई, सोंडडुक्कर नका लिहू प्लीज. अंगानं डुकरासारखा वाटतो खरा, पण घोडा आणि गेंडा हे त्याचे भाऊबंद, डुक्कर नाहीच. पाय बघा, पुढच्या पायाला ४ बोटं आणि मागच्याला ३. सोंड पण आखूड, नाक आणि वरचा ओठ मिळून झालेली, पण वळते छान, तिनं पाला ओढून खातो आणि पाण्यात शिरला की तेवढीच वर काढून श्वास घेतो.

आता शब्दाचं. टॅपिर हा ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेतून आलाय, आणि गंमत म्हणजे आपला काजूही तिथलाच! तुपीत अकाजू, पोर्तुगीजांनी त्याचं काजू केलं, झाड गोव्यात आणलं आणि झाडासोबत नावही आलं. एप्रिलात बागायतीत बोंडू तुडवताना कोणाला तो शब्द परका वाटतो का सांगा? काजूला आपण मराठी नाव शोधत बसलो नाही, मग टॅपिरही तसाच राहू दे.

फोंड्याहून: पटलं. पण एकाचं शास्त्रीय नाव टॅपिरस इंडिकस दिलंय, म्हणजे आपल्याकडे पण आहे का?

डिचोलीहून: नाही हो, त्या नावानं खूप जण फसतात. १८१९ सालचं नाव आहे ते, तेव्हा युरोपातले लोक आग्नेय आशियातल्या बेटांनाही इंडीजच म्हणायचे. हा मलायाचा टॅपिर, सुमात्रा, मलेशिया आणि थायलंड-म्यानमारच्या दक्षिण भागातला, काळाभोर आणि पाठीवर पांढरी झूल टाकल्यासारखा. बाकीचे तिघे अमेरिकेकडचे: ब्राझीलचा, मध्य अमेरिकेतला बेअर्डचा, आणि अँडीज डोंगरातला लोकरी केसांचा. २०१३ मध्ये पाचवी जात सापडली म्हणून जाहीर झालं होतं पण त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, तक्त्यात ४च लिहा.

आणि पिल्लू नक्की काढायला सांगा! मादी जवळपास १३ महिने गाभण असते, आणि पिल्लू कुठल्याही जातीचं असो, अंगावर कलिंगडासारखे पट्टे आणि ठिपके, मोठं झालं की जातात.

फोंड्याहून: टॅपिरच लिहिलं. पिल्लू पण काढलंय, पट्ट्यांना पांढरा खडू संपला, आता आजी स्वतःच तांदळाच्या पिठानं भरतेय.