पिकअपला विंच घ्यायचाय: ९,५०० पौंडांचा की १२,०००? मदत हवी आहे

गारगोटी_डिझेल:

नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी विंच (रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं, मोटरवर चालणारं यंत्र) बसवायचा आहे, पण आकड्यांत गोंधळ होतोय.

गाडी डबल कॅब डिझेल पिकअप, फोर बाय फोर, लो रेंज (जास्त ताकदीचे हळू गिअर) आहे. रिकामी साधारण २,००० किलो. खत, रोपं, माणसं धरून २,७०० पर्यंत जाते. बॅटरी ७० अँपियर-अवर, अल्टरनेटर १०० अँपियरचा. पुढचा बंपर कंपनीचाच.

शेत भुदरगड तालुक्यात, पश्चिमेकडं. शेवटचा दीड किलोमीटर कच्चा रस्ता, जांभ्याची लाल माती. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पावसात तशाच राहतात आणि पाण्यानं भरतात. मधे ओढा, पलीकडं अंदाजे १५ अंशांचा चढ. गाडी रुतते ती त्या चढाच्या पायथ्याला, चाकाच्या हबपर्यंत (मधल्या तुंब्यापर्यंत).

विचारायचं ते असं: किती पौंडांचा घ्यावा, वायर रोप (लोखंडी तारेचा दोर) की सिंथेटिक (कृत्रिम धाग्यांचा दोर), पुढं बसवावा की मागं, आणि या बॅटरीवर चालेल का? दुकानात सगळे १२,००० घ्या म्हणतात.


राड_आणि_रस्सी:

आधी तुमच्या ओढ्याचा हिशेब करू, पौंड आपोआप ठरतील.

हबपर्यंत रुतलेली गाडी ओढायला साधारण तिच्या वजनाइतकीच ओढ लागते. चिखल हबच्या वर गेला की दुप्पट धरायची. म्हणजे तुमचे २,७०० किलो. चढासाठी वजन गुणिले अंश भागिले ६०, म्हणजे २,७०० × १५ ÷ ६० = ६७५. बेरीज ३,३७५ किलो.

९,५०० पौंड म्हणजे ४,३०९ किलो. कागदावर भागतंय. पण खोक्यावरचा तो आकडा ड्रमवर (दोर गुंडाळायच्या रिळावर) दोराचा एकच थर शिल्लक असतानाचा असतो. दोराचे थर वाढले की ड्रम जाड होतो आणि तेवढी ओढ घटते. या मापाच्या विंचचा ड्रम साधारण ६३ मिमी व्यासाचा आणि २२४ मिमी रुंद. १० मिमी दोराचे एका थरात २२ वेढे बसतात. पहिल्या थरात ५ मीटर, दुसऱ्यात साडेसहा, तिसऱ्यात पावणेआठ आणि उरलेला चौथ्यात. २६ मीटर दोर असेल आणि तुम्ही १० मीटरवरच्या झाडाला लावला, तर ड्रमवर १६ मीटर राहतो, म्हणजे तुम्ही तिसऱ्या थरावर ओढताय. तिथं ओढ पहिल्या थराच्या ६५ टक्के, म्हणजे २,८०० किलो. गाडी हलणार नाही, मोटर मात्र तापेल.

आता १२,००० चा बघा. ५,४४३ किलोचे तिसऱ्या थरावर साधारण ३,५४० राहतात. ३,३७५ समोर जेमतेम. म्हणजे जास्त पैसे घालूनही तुम्ही मोटरच्या शेवटच्या दमावरच काम करणार.

त्यापेक्षा ९,५०० किंवा १०,००० चा घ्या आणि सोबत चांगली कप्पी घ्या, म्हणजे स्नॅच ब्लॉक. कप्पी झाडाला, दोर कप्पीतून परत गाडीच्या चासीवरच्या हुकाला. दोरावर निम्मा भार, म्हणजे १,६९०. कप्पीचं घर्षण धरून १,८६० म्हणा. शिवाय १० मीटरवरच्या झाडासाठी २० मीटर दोर बाहेर जातो, ड्रमवर ६ मीटर राहतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्या थरावर येता आणि तिथं ३,४०० किलो ओढ मिळते. भार निम्मा होतो आणि ताकद वाढते, दोन्ही एकाच कप्पीत. दोर दुप्पट गुंडाळावा लागतो, एवढीच किंमत.

एकच ध्यानात ठेवा: कप्पी लावली की झाडावर, झाडाच्या पट्ट्यावर आणि तिथल्या शॅकलवर (जोडणीच्या लोखंडी कडीवर) दोराच्या दुप्पट भार येतो. शॅकल ४.७५ टनांचा, आकडा धातूत कोरलेला असावा. नुसता रंगवलेला असेल तर घेऊ नका.


वायरमन_कागल:

वरच्या हिशेबाला विजेची बाजू जोडतो. ९,५०० चा विंच पूर्ण भारावर ४०० अँपियरच्या घरात खातो. अल्टरनेटर १०० देणार, बाकीचे बॅटरीतून. पूर्ण भारावर दोर मिनिटाला सव्वा-दीड मीटरच येतो, म्हणजे १० मीटरला सात-आठ मिनिटं. ढोबळ हिशेबानं बॅटरीतून ४० अँपियर-अवर गेले. ७० च्या बॅटरीतून एवढे काढले की पुढं सेल्फ मारायला काही उरत नाही. कप्पीनं दोर दुप्पट गुंडाळायचा असला तरी भार कमी म्हणून तो वेगानं येतो, त्यामुळं वेळ जवळपास तेवढाच लागतो, पण करंट निम्म्याच्या आसपास येतो आणि बॅटरीतून जातात १५ च्या आत. तेव्हा दुसऱ्या बॅटरीचा खर्च आत्ता नको. आहे ती लोड टेस्टरवर तपासा, तीन वर्षं झाली असतील तर बदला.

केबल ३५ चौरस मिमीची, तांब्याची. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल येते. तार चाकूनं खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर परत करा. बॅटरीपासून विंचपर्यंत जाऊन-येऊन ४ मीटर धरले तर ४०० अँपियरला ३५ च्या केबलमध्ये पाऊण व्होल्टच्या वर पडतो. २५ ची टाकली तर १.१ व्होल्ट.

व्होल्टेज पडलं की नुसता वेग कमी होत नाही. सॉलेनॉइडचे (मोटरचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट घट्ट दाबले जात नाहीत, ठिणगी पडते आणि ते चिकटतात. मग रिमोटचं बटण सोडलं तरी ड्रम फिरतच राहतो, हुक फेअरलीडवर (दोर बाहेर येतो त्या तोंडावर) येऊन आदळतो. म्हणून बॅटरीजवळ, बॉनेट उघडल्याबरोबर हात जाईल अशा जागी आयसोलेटर स्विच (विंचचा पुरवठा तोडणारा) पाहिजेच. विंच वापरत नसताना तो बंद. निगेटिव्ह थेट बॅटरीला न्या, बंपरच्या नटावर अर्थिंग करू नका.

मोटर सीरीज-वाउंड (कायमच्या चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळ्यांची) घ्या. परमनंट मॅग्नेटची मोटर हलक्या कामाला करंट कमी खाते, पण लांब ओढीत लवकर तापते. इंजिन चालू, १,२०० ते १,५०० आरपीएम. एक मिनिट ओढा, मग मोटरला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर थांबा.


उद्यमनगर_फिटर:

बसवण्याबद्दल. बाहेरून मोठा लोखंडी बंपर करून त्यात विंच ठेवायचा विचार असेल तर सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली अशा गार्डवर बंदी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तसं कळवलंय. एअरबॅगच्या सेन्सरचाही प्रश्न येतो. कंपनीच्या बंपरच्या मागं लपणारी प्लेट करून घ्या आणि काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

प्लेट किमान ६ मिमी, कडा वाकवलेली, दोन्ही चासी रेलना बोल्टनं. चासीवर वेल्डिंग अजिबात नको. वेल्डच्या कडेला पोलाद कडक होतं आणि तिथूनच चीर जाते. विंचच्या पायांची भोकं २५४ × ११४.३ मिमी, या वर्गात बहुतेक सगळ्यांची हीच. चार बोल्ट एम१० किंवा ३/८ इंच, ८.८ ग्रेड, टॉर्क ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास. चारही नट विंचच्या खाचेत नीट बसलेत का ते हातानं चाचपा, एक तिरका बसला तरी बाकीच्या तिघांवर भार जातो.

करून घेण्याआधी तीन गोष्टी बघा: रेडिएटर आणि इंटरकूलरची हवा अडत नाही ना, विंचच्या क्लचची मूठ (ड्रम मोकळा सोडायची) बंपरच्या आतून फिरवता येते का, आणि नंबर प्लेट पूर्ण दिसते का. प्लेटसकट पुढच्या ॲक्सलवर ५०-६० किलो वाढतात. वायर रोपऐवजी सिंथेटिक घेतला तर ५-६ किलो वाचतात.

मागं बसवायचा असेल तर रिसीव्हरमध्ये (टो-हुक बसवायच्या चौकोनी नळीत) अडकवायचा क्रेडल (विंच धरणारी चौकट) आणि ३५० अँपियरचा अँडरसन प्लग (मोठ्या करंटचा, काढता-घालता येणारा जोड). पण केबल जाऊन-येऊन १२ मीटर होते, ५० चौरस मिमीची टाकली तरी दीड व्होल्टच्या वर पडतो. आणि रिसीव्हरवर तिरकी ओढ चालत नाही. तुमचा चढ पुढं आहे, पुढंच बसवा.


गारगोटी_डिझेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. ९,५०० आणि कप्पी नक्की. दोन शंका राहिल्यात. लाल मातीत सिंथेटिक टिकतो का? आणि तोच विंच वापरून विहिरीतली मोटर वर काढता येईल का?


राड_आणि_रस्सी:

विहिरीतली मोटर अजिबात नको. हे विंच आडव्या ओढीसाठी असतात. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो. भार धरून दोर खाली सोडला की ब्रेक तापतो आणि ती उष्णता सरळ दोराच्या पहिल्या थराला लागते. सिंथेटिक दोर १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होतो. वरून बघून काही कळत नाही. खाली माणूस असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्या कामाला तिपाई आणि चेन पुली.

जांभ्याचा बारीक खडा सिंथेटिकच्या पिळात शिरतो आणि आतून धागे कापतो, हे खरं आहे. तरी तुम्हाला सिंथेटिकच सुचवेन, कारण तुटला तर वायर रोपसारखा चाबूक बसत नाही. फक्त निगा हवी: रुतून निघालात की घरी पूर्ण दोर उलगडून बादलीत साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, मग ताण देऊन गुंडाळा. हात फिरवताना एखादी जागा काचेसारखी गुळगुळीत आणि ताठर लागली तर तिथं दोर तापलाय, तेवढा भाग कापून पुन्हा स्प्लाइस करा (दोराचे पीळ एकमेकांत ओवून जोडा). फेअरलीड ॲल्युमिनियमचा हॉज (रोलर नसलेला, गुळगुळीत तोंडाचा) घ्या. वायर रोप चाललेल्या जुन्या रोलरवर खाचा असतात, त्या सिंथेटिकला फाडतात. ड्रमवर किमान ८ ते १० वेढे कायम राहू द्या, त्या जागी दोराला रंगाची खूण करा.


बांधावरची_गाडी:

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. ओढ्यापलीकडं झाड आहे का? उसाच्या रानात झाडच नसतं आणि विंच नुसता मिरवायला उरतो. शेवगा आणि गुलमोहोर धरू नका, दोन्ही ठिसूळ. जांभूळ, आंबा असेल तर पट्टा बुंध्याला अगदी खाली, तोही किमान ६०-७५ मिमी रुंद.

झाड नसेल तर स्टेपनी पुरा. ओढीच्या दिशेला आडवा चर, तीन फूट खोल. स्टेपनी उभी ठेवून पट्टा रिममधून काढा, पट्ट्यासाठी गाडीकडं उतरता छोटा चर खणा म्हणजे ओढ वर जाणार नाही. पुन्हा माती टाकून तुडवा. ओल्या लाल मातीत जरा जास्तच खोल जा. दरवर्षी त्याच जागी रुतत असाल तर उन्हाळ्यातच तिथं काँक्रीटमध्ये जाड गजाचा आकडा पुरून ठेवणं सगळ्यात सोयीचं.


वायरमन_कागल:

आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा दोर पाच-सहा मीटर सोडून परत गुंडाळा, क्लचची मूठ दोन्हीकडं फिरवा. ओढ्याच्या पाण्यात गाडी घातली असेल तर त्याच संध्याकाळी विंच थोडा वेळ रिकामा चालवा, आतला ओलावा निघून जातो. नाहीतर ब्रश गंजून अडकतात आणि जुलैमध्ये बटण दाबल्यावर नुसता सॉलेनॉइडचा टक आवाज येतो.