संकर वांझच निघतो असं नाही

'दोन प्रजातींचा संकर खेचरासारखा वांझ निघतो, म्हणून निसर्गात त्याला महत्त्व नाही' हे विधान वनस्पतींना लावू नये. स्पार्टिना हे खाडीकाठचं गवत बघा. त्याची अमेरिकेतली एक प्रजाती इंग्लंडला पोचली आणि तिथल्या प्रजातीशी तिचा संकर झाला. 1870 साली साउदॅम्प्टनजवळ सापडलेला हा संकर वांझच होता, कारण परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नव्हत्या. पुढे गुणसूत्रं दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि भरपूर बी धरणारी स्पार्टिना अँग्लिका ही नवीच प्रजाती उभी राहिली!

सूर्यफुलांचं उदाहरण तर मला याहून विलक्षण वाटतं. हेलिअँथस ॲन्युअस आणि पेटिओलॅरिस यांच्या संकरातून गुणसूत्रांची संख्या न वाढताही तीन प्रजाती झाल्या. त्यांतली एक वाळूच्या टेकड्यांवर वाढते, एक खाऱ्या दलदलीत.

आणि संकर क्वचित झाला तरी पुरतो. थोडंफार बी धरणाऱ्या संकराचं एका पालकाशीच पुन्हा पुन्हा परागीभवन झालं, की दुसऱ्याची मोजकी जनुकं त्या प्रजातीत मुरतात. पिकांची जनुकं शेजारच्या रानटी भाऊबंदांत जातात ती याच वाटेने.