प्रति: बॅड सेक्टर – चेकडिस्क नंतर, आधी कॉपी
हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे खराब तुकडे, आले तर काय करायचं या प्रश्नावर वर कुणीतरी चेकडिस्क स्लॅश आर (chkdsk /r, विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवायचा सल्ला दिलाय. आतला डेटा नको असेल तरच तो पाळा. ही कमांड अख्खी डिस्क वाचत बसते, वर फाइल सिस्टीममध्ये फेरफार करते ते वेगळंच. आधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधला डेटा वाचवणारा प्रोग्रॅम लावून दुसऱ्या डिस्कवर इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, घ्या. मॅपफाइल (कुठला भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी फाइल) द्याच, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम तिथून पुढे सुरू होतं. चांगला भाग आधी उचलला जातो, खराब जागांशी झटापट नंतर.

मग स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यातला, १९७ क्रमांक बघा, ते पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निकाल न लागलेले. त्यांवर नव्याने लिहिलं की काही सुधारतात, काहींच्या जागी राखीव सेक्टर येतो आणि ५ क्रमांकाचा, म्हणजे अशा बदललेल्या सेक्टरांचा, आकडा वाढतो. तो वाढतच गेला तर डिस्क भंगारात. आणि टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच नको, सरळ केबल काढा.