मदत हवी आहे: पोटावर चटके बसूलालेत, इंच पण उतरेना गेलेत, उद्या ११ ला कस्टमर आहे

जिंतूर_रोड (परभणी), रात्री ८.५०

नमस्कार. पार्लरला बॉडी शेपिंगचं मशीन घेतलंय. ईएमएस (करंटने स्नायू आवळणारं), लेझर आणि लिंफ ड्रेनेजचा सूट (अंगात साचलेलं पाणी दाबाने पुढे सरकवणारा), तिन्ही एकातच. एका कस्टमरच्या ५ सिटिंग झाल्या, पॅकेज ८ चं आहे. पोटावर चटके बसूलालेत. मशीन मधेच टूं टूं करून बंद होतं, परत चालू केलं की चालतं. टेपने मोजलं तर अर्धा इंच पण कमी नाही. लेव्हल वाढवावी का? किती ठेवावी? मशीन ज्याने दिलं तो फोन उचलेना. उद्या ११ ला तीच कस्टमर आहे, प्लीज लवकर सांगा.

फिजिओ_नांदेड, रात्री ९.०५

लेव्हल वाढवू नका. चटका बसतो याचा अर्थ पॅड त्वचेला सगळीकडून सारखं टेकलेलं नाही. रबरी पॅडची एक कड जरी उचलली गेली तरी सगळा करंट उरलेल्या भागातून जातो आणि तिथे टोचतं. जेल पॅडच्या कडेपर्यंत सारखं पसरा, पट्टा नीट आवळा. स्पंजचे पॅड असतील तर साध्या नळाच्या पाण्यात भिजवा, त्यात क्षार असतात म्हणून करंट वाहतो. पोट आधी पुसून घ्या, तेल राहिलं तर जेल असून उपयोग नाही.

पोटाला ५० हर्ट्झच्या आसपास, पल्स २५० ते ३५० मायक्रोसेकंद, ६ सेकंद चालू, १२ सेकंद बंद, एकूण २० मिनिटं. पॅड बेंबीच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंवर. छातीवरून करंट जाईल असे कधीच लावायचे नाहीत.

मांजराकाठ (लातूर), रात्री ९.१२

ताई, पॅडवालं ईएमएस आता जुनं झालं. चुंबकवालं घ्या. जेल नाही, पॅड नाही, कपड्यावरून चालतं. ३० मिनिटांत २० हजार सिट-अप. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) २०१८ मध्येच एमस्कल्प्ट या चुंबकवाल्या मशीनला मंजुरी दिली आहे.

फिजिओ_नांदेड, रात्री ९.१८

मांजराकाठ दादा, ती आकुंचनं आहेत, सिट-अप नव्हेत. सिट-अपमध्ये माणूस वजन उचलतो. आणि कपड्यावरून चालतं म्हणून तर त्यात जास्त विचारावं लागतं. पेसमेकर, शरीरात बसवलेली धातूची पट्टी किंवा स्क्रू, तांबी, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर चुंबकाचं नाव काढायचं नाही. तांबी बसवलेली आहे हे किती बायका आपणहून सांगतात? विचारावंच लागतं. ताईंना आहे त्या मशीनचं उत्तर पाहिजे, नवीन मशीन नको.

सर्किट_दुरुस्ती (संभाजीनगर), रात्री ९.३०

थांबा. आधी हे सांगा, त्याशिवाय सगळे अंधारात बाण मारतायत.
चटके ईएमएस चालू असताना बसतात की लेझर चालू असताना?
टूं टूं होतं तेव्हा स्क्रीनवर काय लिहून येतं?
मशीनच्या मागे पाण्याची टाकी आहे का? त्यात कोणतं पाणी आहे?
मागच्या पाटीवर लेझरची तरंगलांबी किती नॅनोमीटर लिहिलीय? ६३५, ६५० की १०६०?
अर्थिंग वेगळं काढलंय की फक्त तीन पिनचा बोर्ड आहे?

जिंतूर_रोड, रात्री ९.४१

ईएमएसला काहीच होत नाही हो, ते छान चालतं. चटके लेझरच्या पट्ट्याखाली बसतात, चार पट्टे आहेत. पाण्याचा काय संबंध? टाकी आहे, बोअरचं पाणी भरलंय, काठोकाठ भरलेली आहे. स्क्रीनवर फ्लो असं काहीतरी येतं. पाटीवर १०६० आहे. बोर्ड साधाच. फक्त लेव्हल सांगा ना.

सर्किट_दुरुस्ती, रात्री ९.५२

लेझर आत्ताच बंद ठेवा, उद्या चालवू नका. लेव्हल शून्य.

पाण्याचा संबंध असा. १०६० चं लेझर चरबीचा थर ४२ ते ४७ अंशांपर्यंत तापवतं. वरची त्वचा भाजू नये म्हणून पट्ट्याची काच थंड पाण्याने गार ठेवलेली असते, साधारण १५ अंशांवर. ते पाणी पट्ट्याच्या आत केसाएवढ्या बारीक नळ्यांतून फिरतं. परभणीचं बोअरचं पाणी म्हणजे काळ्या दगडातून आलेलं जड पाणी. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच त्या नळ्यांत बसतो. पाणी फिरेना, काच गार होईना, की त्वचा तापते. फ्लोचा, म्हणजे पाणी कमी फिरतंय याचा, अलार्म येतो तो याचाच. मशीन स्वतःहून थांबतंय आणि तुम्ही ते परत चालू करताय.

आणखी एक गोष्ट. चार पट्ट्यांना पाणी चार फांद्यांतून जात असेल तर एक फांदी पूर्ण बुजली तरी बाकी तिघींचं पाणी मिळून अलार्मच्या हद्दीच्या वर राहू शकतं. म्हणजे अलार्म नाही आणि एक पट्टा मात्र तापलेला. चटके कायम एकाच पट्ट्याखाली बसतात का ते आठवा.

हिंगोलीकर_०७, रात्री १०.०१

सोपं आहे. लिंबूसत्व घ्या, २ चमचे १ लिटर पाण्यात, टाकीत ओता, अर्धा तास फिरवा, सगळा क्षार निघून जातो. गीझर, कूलर, इस्त्री, सगळ्याला चालतं.

सर्किट_दुरुस्ती, रात्री १०.०६

गीझरला चालतं, याला नाही. पट्ट्यातला डायोड (लेझरचा प्रकाश काढणारा भाग) तांब्याच्या ठोकळ्यावर बसवलेला असतो, त्यावर पातळ मुलामा आणि डाख. आम्ल तिथे गेलं की मुलामा खातं, आणि सुटलेल्या खपल्या पुढच्या बारीक नळीत जाऊन अडकतात. जे मशीन दुरुस्त झालं असतं ते टाकून द्यावं लागतं. पट्टा उघडून नळी मोजून धुणं हे मेकॅनिकचं काम आहे.

हिंगोलीकर_०७, रात्री १०.१०

कमी प्रमाणात घातलं तर काही होत नाही.

सर्किट_दुरुस्ती, रात्री १०.१४

प्रमाण कमी केलं तरी ते डायोडपर्यंत जातंच. ताईंनी ओतू नये एवढंच म्हणणं आहे.

ताई, घरी करण्यासारखं एवढंच: प्लग काढा. टाकी रिकामी करा. तोंडाशी जाळी असते ती काढून उजेडात बघा, पांढरी खरखर आहे की हिरवं शेवाळ, त्याचा फोटो टाका. फिल्टरची कांडी बदलायला मागवा. मग डिस्टिल्ड वॉटर भरून १० मिनिटं फक्त पंप फिरवा, लेझर नाही, आणि काढून टाका. असं तीनदा. कॅनमधलं प्यायचं आरओ पाणी चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. एसीतून गळणारं पाणी पण नको, त्यात धूळ आणि शेवाळ असतं. पंप फिरत असताना परतीची नळी एका लिटरच्या बाटलीत सोडा, घड्याळ लावा, मिनिटाला किती लिटर येतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

त्वचा_ओपीडी (बीड), रात्री १०.२०

मशीनचं बोलणं चालू राहू द्या, पण मला त्या बाईंची काळजी आहे. जिंतूर_रोड ताई, सरळ उत्तरं द्या. पोटावर डाग किंवा फोड आहे का? वय किती? बाळंतपण कधी झालं, सिझर की नॉर्मल? हर्निया? किती दिवसांच्या अंतराने सिटिंग घेतल्या?

जिंतूर_रोड, रात्री १०.३३

दिवसाआड घेतल्या, पॅकेज तसंच आहे, मशीनवाल्यानेच सांगितलं. वय ३१. सिझर झालंय, ४ महिने झाले, म्हणूनच पोट कमी करायचंय. फोड नाही. बेंबीच्या खाली डावीकडे रुपयाएवढा तांबूस डाग आहे, परवापासून. हो, कायम त्याच पट्ट्याखाली. तिला तिथे दुखत नाही म्हणाली, टाक्याजवळ बधिरच आहे.

त्वचा_ओपीडी (बीड), रात्री १०.४८

बधिर आहे म्हणूनच धोका. सिझरच्या टाक्याच्या वरची त्वचा कितीतरी महिने बधिर राहते. तिथे भाजलं तरी माणूस ओरडत नाही. पट्टा टाक्यावर किंवा लगत लावायचाच नव्हता.

उद्या त्यांना सिटिंगला बोलवू नका, डॉक्टरकडे पाठवा. डाग बोटाने ५ सेकंद दाबून सोडला की क्षणभर पांढरा पडून परत लाल होतो का, ते त्यांना फोनवरच बघायला सांगा. पांढरा होत नसेल तर भाजणं खोल आहे, सकाळची वाट बघायला नको. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही. कमरेचा पट्टा, साडीची गाठ त्यावर येऊ देऊ नका. फोड आला तर फोडायचा नाही.

आता इंच का उतरत नाहीत ते. तुम्हाला दिवसाआडचं पॅकेज ज्याने दिलं त्याने ६३५ नॅनोमीटरच्या थंड लेझरचं वेळापत्रक १०६० ला चिकटवलंय. थंड लेझर तापवत नाही, त्याच्या सिटिंग आठवड्यात दोन-तीन असतात. १०६० मात्र पेशीला इजा करतं, आणि मेलेल्या पेशी शरीर हळूहळू उचलून नेतं. फरक ६ व्या आठवड्यापासून दिसायला लागतो, पूर्ण १२ आठवड्यांनी. त्याच जागेवर परत करायचं तर किमान ६ आठवडे थांबावं लागतं. तुम्ही १० दिवसांत एकाच जागी ५ वेळा तापवलंत. तिथे आता सूज आहे, सुजेवर टेप लावला तर आकडा उतरणार कसा?

अपेक्षाही आवाक्यात ठेवा. स्कल्पशुअर नावाचं १०६० चं मूळ मशीन अमेरिकेत २०१५ मध्ये पोट आणि कमरेच्या बाजूंसाठी मंजूर झालं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० पर्यंतच्या लोकांना. तिथेही दावा चरबीच्या थरात २४ टक्क्यांपर्यंत घट एवढाच आहे, आणि थर म्हणजे चिमटीत येतो तो. आतड्यांभोवतीची चरबी लेझरच्या टप्प्यातच नाही. घट्ट टणक ढेरी असेल, चिमटीत काही येत नसेल, तर त्या माणसाला हे करूच नये.

माझं स्पष्ट मत, १०६० चं लेझर डॉक्टर समोर असल्याशिवाय चालवायचं यंत्र नाही. ईएमएस आणि सूट तुम्ही शिकून चालवू शकता.

उद्वर्तन_केंद्र, रात्री १०.५५

या सगळ्यापेक्षा उद्वर्तन करा. कुळथाचं पीठ आणि त्रिफळा चूर्ण समभाग, कोरडंच, केसांच्या उलट दिशेने खालून वर २० मिनिटं घासायचं. त्वचा घट्ट होते, खर्च नगण्य.

त्वचा_ओपीडी (बीड), रात्री १०.५८

भाजलेल्या पोटावर कोरडं पीठ घासायचं नाही. डाग पूर्ण बरा होईपर्यंत तिथे मालीशही नको.

फिजिओ_नांदेड, रात्री ११.१०

माझं पहिलं उत्तर ईएमएस धरून होतं, ते इथे लागू नाही. पण सिझर ४ महिन्यांचं आहे म्हटल्यावर ईएमएसचंही थांबवा.

बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेले असतात. बाईंना उताणं झोपवा, गुडघे वाकवा, डोकं थोडं उचलायला सांगा आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या खाचेत बोटं आडवी ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली किंवा मधे डोंगरासारखा उंचवटा आला तर ते पोट चरबीचं नाही, फाकलेल्या स्नायूंचं आहे. अशा पोटाला आधी श्वासाचे व्यायाम आणि आतला आडवा स्नायू जागा करणं, तेही फिजिओकडून तपासून. बहुतेक पोट तिथेच आत जातं.

लिंफ ड्रेनेजबद्दल कोणी विचारलं नाही, पण सूट आहे म्हणून सांगतो. चरबी त्याने लघवीतून जात नाही. लिंफ छातीतल्या मोठ्या नळीतून डाव्या खांद्याजवळच्या शिरेत, म्हणजे रक्तातच येतं. सुटानंतर टेपवर जे कमी दिसतं ते पाणी, एक-दोन दिवसांत परत. दाब ४० मिमी पाऱ्याच्या (mmHg) आसपास पुरे, १०० लावला तर त्वचेखालच्या नाजूक नळ्या दबून बंद होतात आणि काम उलटं होतं. हाताने करायचं तर आधी मान आणि जांघ मोकळी करायची, मग पाय. १९३० च्या दशकात वोडर यांनी ही पद्धत बसवली तेव्हापासून क्रम हाच आहे. पुढचा रस्ता मोकळा नसेल तर मागचं पाणी जाणार कुठे?

आणि आपल्याकडची गोष्ट. एकच पाय सुजलेला कस्टमर आला तर सूट चढवू नका. नांदेडकडे हत्तीरोग आहे, पिंडरीत रक्ताची गाठही असू शकते. गाठ असताना दाब दिला तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टर.

वजिराबाद_हिशेब, रात्री ११.१६

पॅकेजच्या बिलाचं बघून घ्या. पार्लरच्या सेवांवर जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, पण मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्यात मिळत नाही.

जिंतूर_रोड, रात्री ११.२८

फोन केला तिला. दाबून बघितलं, पांढरा होत नाही म्हणते. तिचा नवरा आत्ताच सिव्हिलला घेऊन चाललाय, मी पण निघते. पॅकेजचे पैसे परत देते. जाळीचा फोटो टाकलाय, चुन्यासारखं पांढरं भरलंय. सर्किट दादा, मेकॅनिक मिळेपर्यंत नुसतं ईएमएस आणि सूट चालवला तर चालेल का? तेही त्याच मशीनमध्ये आहे.

सर्किट_दुरुस्ती, रात्री ११.३६

लेझरचे चारही कनेक्टर मागून काढून टोपणं लावा, किल्लीचं कुलूप असेल तर किल्ली काढून घरी ठेवा. मग चालेल, पण अर्थिंग झाल्यावरच. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून घ्या, २-३ च्या वर असतील तर वेगळा खड्डा घेऊन अर्थिंग करा. ओल्या पॅडने माणसाला जोडलेलं मशीन आहे ते. जाळीचा फोटो बघितला. एवढं जाळीवर असेल तर पट्ट्यांच्या आत नक्की आहे, डिस्टिल्डने नुसतं धुऊन लेझर परत सुरू करू नका, चारही पट्ट्यांचा फ्लो वेगळा वेगळा मोजून घेतल्याशिवाय.

त्वचा_ओपीडी (बीड), रात्री ११.४०

सिव्हिलमध्ये सांगताना १०६० नॅनोमीटर, ५ वेळा, १० दिवसांत, सिझरच्या टाक्याजवळ, असं नेमकं सांगा. काही लपवू नका. मशीनच्या पाटीचा फोटो सोबत घेऊन जा.