अनुभव धागा: आपला 'कमांडोज' शूटर झाला तेव्हा (नागपूरकर, लिहा)

2006 साली 'कमांडोज' या कॉम्प्युटर गेमचा 'कमांडोज: स्ट्राइक फोर्स' हा भाग आला. आठ वर्षं जो खेळ आपण वरून, सगळा नकाशा समोर ठेवून, एकेका पहारेकऱ्याची फेरी पाठ करत खेळलो, तो एकदम बंदुकीमागून बघायचा, म्हणजे शूटर, झाला. पहिला भाग 1998 चा, दुसरा 2001 चा, तिसरा 2003 चा. स्पेनमधल्या पायरो स्टुडिओजने केलेला, दुसऱ्या महायुद्धातल्या मूठभर दोस्त कमांडोंचा हा खेळ बर्डीपासून मानेवाड्यापर्यंत कॅफेत, होस्टेलवर, घरच्या कॉम्प्युटरवर खेळला गेला. तेव्हाचे पोट्टे आता चाळिशीला आले आहेत.

हे फक्त 'कमांडोज'चंच झालं असं नाही. 1993 चा 'सिंडिकेट' 2012 मध्ये शूटर होऊन परत आला. 'एक्सकॉम'चा शूटर 2010 मध्ये जाहीर झाला आणि जुने चाहते चिडले. 'कमांड अँड कॉन्कर'चा 'रेनेगेड' 2002 चा. 'स्टारक्राफ्ट: घोस्ट' जाहीर झाला, वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिली, पण तो बाजारात आलाच नाही.

आधी माझं मत सांगून टाकतो. लोक म्हणतात चाहत्यांना बदल नको असतो. मला ते पटत नाही. आपल्यापैकी बहुतेक जण शूटरही आवडीनं खेळायचे, 'काउंटर-स्ट्राइक'शिवाय कॅफे तरी कुठे होता? नाराजी बंदुकीवर नव्हती. विचार करायला मिळणारा वेळ गेला आणि तो विचार चार जणांत मिळून करायची सोय गेली, दुःख त्याचं होतं. तुमचं काय झालं ते आपापल्या वस्तीच्या नावानं लिहा. ज्यांना नवा अवतार आवडला त्यांनी तर नक्की लिहा.

मानेवाडा

बारावीत मेडिकल चौकाजवळच्या एका कॅफेत आम्ही तिघं एकाच मशीनवर बसायचो. पैसे एकाचे, डोकी तीन. माउस एकाच्या हातात, बाकी दोघं नजर ठेवायला. काऊन ते पहिला भाग खेळलेल्याला लगेच समजेल. डोळ्याचं चिन्ह घेऊन सैनिकावर क्लिक केलं की त्याला कुठपर्यंत दिसतं ते हिरव्या रंगात समोर यायचं, पण एका वेळी एकाच सैनिकाचं. बाकीचे कुठं बघून राहिले ते आपल्याच ध्यानात ठेवावं लागे. म्हणून आमची वाटणी ठरलेली. एकाकडे कुंपणावरचे, एकाकडे पुलावरचे. 'कुंपणवाला वळला, जा.' 'थांब बे, पुलावरचा अजून येऊन राहिला.'

त्या हिरव्या पट्ट्याचे दोन भाग होते. जवळच्या भागात पाय पडला की संपलं. लांबच्या भागात पोटावर सरपटत गेलं तर दिसत नसे. ग्रीन बेरेटला, म्हणजे चाकूवाल्या कमांडोला, त्या सीमेवर आडवा पाडून ठेवायचं आणि पहारेकऱ्यानं पाठ फिरवायची वाट पाहायची. मग चाकू, मग प्रेत खांद्यावर टाकून भिंतीआड, मग कंट्रोल-एस दाबून सेव्ह. एका सैनिकामागं दहा-दहा मिनिटं जात. आपला एकही कमांडो मेला की मिशन फेल, त्यामुळं घाई कोणी करतच नसे.

'स्ट्राइक फोर्स' आला तेव्हा आम्ही तीन वेगळ्या कॉलेजात होतो. दिवाळीत एकाच्या घरी मुद्दाम जमलो. ज्याच्या हातात माउस होता तो खेळून राहिला आणि आम्ही दोघं नुसते बघून राहिलो. आम्ही सांगावं तरी काय? भिंतीपलीकडे कोण आहे ते त्यालाही दिसत नव्हतं, आम्हालाही नाही. 'वळला, जा' म्हणायला तो सैनिक दिसला तर पाहिजे! खेळ वाईट होता असं मी म्हणणार नाही. फ्रान्समधली गावं, स्टॅलिनग्राड, सगळं छान केलं होतं. पण तासाभरानं आमच्यातला एक जण उठून बाहेर फटाके फोडायला गेला आणि त्याला कोणी थांबवलं नाही. पहिल्या भागाच्या वेळी पाणी प्यायला उठायलाही परवानगी लागायची.

महाल

खेळायचा माझा दादा, नकाशे काढायची मी. दुसऱ्या भागातल्या कोल्डिट्झ किल्ल्याचे मजले मी चौकटीच्या वहीत काढले होते. खोल्या, जिने, कोणत्या दाराशी कोण उभा, फेरीचे बाण वेगळ्या रंगात. दार उघडायच्या आधी पलीकडं डोकावून बघता यायचं, मग दादा थांबायचा आणि मी वहीत खूण करायची. मी माउसला हातही लावत नव्हते, तरी तो किल्ला आम्ही दोघांनी सोडवला असंच घरात सगळे म्हणायचे.

शूटरमध्ये खेळायला तिघंच: ग्रीन बेरेट, स्नायपर, हेर. मरीन नाही, स्फोटकं लावणारा सॅपर नाही, ड्रायव्हर नाही, दुसऱ्या भागातला व्हिस्की कुत्रा नाही. मला ते फार लागलं. त्या खेळाची सगळी मजा कोणाला काय येतं आणि कोणाला काय येत नाही यात होती. पोहणारा एक, कुंपणाची तार कापणारा दुसरा. म्हणून तर एकाचं दुसऱ्यावाचून अडायचं.

परसोडी

मला 'स्ट्राइक फोर्स' आवडला होता आणि मी तो सगळ्यात आधी खेळले. मामेभावानं सीडी आणली होती, मागचे भाग मला माहीतच नव्हते. त्यात हेर होऊन शत्रूचा गणवेश चढवून त्यांच्यातून चालत जायचं, ते मला आजही आठवतं. समोरून अधिकारी येतोय, तो माझ्याकडेच बघतोय, आणि मला सरळ चालत राहायचं आहे. नंतर मी दुसरा भाग खेळले. तिथंही हेर आहे, गणवेश आहे. पण वरून बघताना तो अधिकारी माझ्याकडे बघत नव्हता, एका बाहुलीकडे बघत होता. ती भीती जुन्या खेळात नाही.

वर सगळे म्हणतात विचार गेला. माझ्या मते हेराच्या प्रसंगात विचार होता, फक्त तो एकट्यानं आणि पटकन करायचा होता. कॉलेजच्या दिवसांत रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून एकटीनं खेळणाऱ्या माझ्यासारखीला तेच चालत होतं. कॅफेत तिघांत बसून खेळायला आम्हा मुलींना त्या काळी कोण जाऊ देत होतं?

धागा सुरू करणारा

परसोडी, हे लिहिलंत फार बरं झालं. 'चार जणांत मिळून' असं मी वर लिहिलं, त्यात ती जागा कोणाकोणाला मिळत होती हा प्रश्न यायलाच हवा होता. तो तुमच्यामुळं आला.

गोपालनगर

थोडक्यात लिहितो. 'सिंडिकेट' मी जुनाही खेळलो, नवाही. जुन्यात लांब कोटातले चार एजंट आणि पूर्ण शहर वरून. परसुएडरट्रॉन हातात घेतलं की रस्त्यावरची माणसं मागं मागं यायला लागत, हळूहळू गर्दीच आपली फौज होई. 2012 च्या शूटरची कथा एका एजंटची होती, ती मी अर्ध्यात सोडली. पण त्यातच चार जणांनी मिळून खेळायचा वेगळा भाग होता आणि तो उत्तम होता. चौघं आले की 'सिंडिकेट' परत आला, माझ्यापुरतं तरी.

नंदनवन

शूटर झाला म्हणजे खेळ बिघडलाच असं धरून चाललेल्यांनी 'रेनेगेड' खेळलेला नसावा. आमच्या होस्टेलच्या लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर, तो दोन बॅचेसनी चालवला. 1995 च्या मूळ 'कमांड अँड कॉन्कर'मध्ये आपण वरून तळ बांधायचो: रिफायनरी, वीजकेंद्र, बराकी. हार्वेस्टर नावाची गाडी शेतात जाऊन टायबेरियम हे खनिज आणायची, त्यावर पैसा. 'रेनेगेड'मध्ये तोच तळ, पण आपण त्याच्या आत उभे. ज्या इमारती तोपर्यंत नखाएवढ्या पाहिल्या होत्या त्यांच्या दारातून आत शिरता आलं तेव्हा आमच्या खोलीत आरडाओरडा झाला होता.

मुख्य गोष्ट ही, की दोन टोळ्यांच्या लढाईत जुना हिशेब तसाच ठेवला होता. हार्वेस्टर माल घेऊन परत आला की टोळीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पैसे. त्यावर रणगाडा घ्या नाहीतर चांगला सैनिक घ्या. रिफायनरी उडाली की आवक आटली. वीजकेंद्र गेलं की सगळं दुप्पट महाग आणि तळाच्या तोफा बंद. म्हणून आमच्यात नेम चांगला असलेला पोट्टा आपोआप राजा होत नसे. एक जण इंजिनिअर होऊन पूर्ण वेळ इमारती दुरुस्त करत बसायचा, एक हार्वेस्टरच्या मागंपुढं रणगाडा घेऊन चालायचा. गोळीबार ज्याला जमत नव्हता त्यालाही काम होतं, आणि त्याच्यावाचून आम्ही हरायचो. एक ज्युनिअर कायम मागच्या दारानं विरोधी रिफायनरीत शिरून आतल्या टर्मिनलवर सी-फोर हे स्फोटक लावायचा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला विरोधी टोळीची बोंब उठली की आम्हाला कळायचं, लागला.

'रेनेगेड'च्या एकट्यानं खेळायच्या भागाचं मी कौतुक करणार नाही, तो साधा आहे. पण लोक विसरले नाहीत ते लॅनवरच्या या लढाईला. चाहत्यांनी पुढं 'रेनेगेड एक्स' नावाचा खेळ स्वतः बनवून फुकट दिला, तो याच लढाईचा. म्हणून मला वाटतं प्रश्न कॅमेरा वर की खाली हा नाहीच. जुन्या खेळात डोकं जिथं चालवावं लागायचं ती जागा नव्यात राखली का, तेवढंच बघावं.

शंकरनगर

मी बुद्धिबळाची माणूस. शाळेत असताना जिल्हा पातळीवर खेळले, आता लहान मुलांना शिकवते. दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडे मुलींची संख्या वाढली आहे, हे इथं विषयाला सोडून असलं तरी लिहावंसं वाटलं.

माझा खेळ 'एक्सकॉम'. 1994 चा, ज्युलियन गॉलप यांनी बनवलेला, परग्रहवासीयांशी बुद्धिबळासारखं आळीपाळीनं लढायचा. प्रत्येक सैनिकाला चालीपुरते ठराविक टाइम युनिट. चालायला खर्च, वळायला खर्च, गोळीला खर्च. काही शिल्लक ठेवलेत तर शत्रू त्याच्या चालीत समोर आला की तुमचा सैनिक गोळी झाडू शकतो. म्हणजे न खेळलेली चालही मोलाची. बुद्धिबळ खेळणाऱ्याला याहून काय हवं? सैनिकांची नावं बदलता यायची, म्हणून मी मैत्रिणींची नावं दिली होती. मेलेला सैनिक परत येत नसे, आणि मैत्रिणीचं नाव असलेली शिपाई दाराशी आधी पाठवायला माझा हात धजत नसे.

2010 मध्ये त्याचा शूटर येतोय हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं, कारण चाल गेली की 'एक्सकॉम'मध्ये उरतं काय? परग्रहवासी तर शंभर खेळांत आहेत. पण आपल्या नावाचा खेळ चाहत्यांना परत मिळाला तो आधी वेगळ्याच वाटेनं. 2012 मध्ये फिरॅक्सिस या कंपनीनं जेक सॉलोमन यांच्या हाताखाली चालींचाच 'एक्सकॉम' आणला. टाइम युनिट काढून प्रत्येकाला दोन कृती दिल्या होत्या. सोपं केलं म्हणून काही जण तेव्हा कुरकुरले. मला ते आवडलं, कारण चाल शाबूत होती. शूटर 2013 मध्ये 'द ब्युरो' नावानं आला, 1962 सालात घडणारा. तोही मी खेळले. त्यात वेळ मंद करून दोन साथीदारांना हुकूम देता येतात. तेवढ्या वेळापुरतं बरं वाटतं, पण मंद झालेला वेळही पुढं सरकतच असतो. विचार करताना कोणी खांद्याला ढोसतं आहे असं वाटत राहिलं.

दिघोरी

मी वाचतोय फक्त, पण एक विचारायचं आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, फोनवर सतत शूटर. हे सगळं वाचून त्याला 'कमांडोज' दाखवावासा वाटतोय. कुठला भाग द्यावा?

मानेवाडा

दिघोरीवाले दादा, पहिल्या भागापासून सुरू करू नका. नव्या मशीनवर तो खूप जोरात पळतो, पहारेकऱ्याची नजर झरझर फिरते आणि पोरगं कंटाळून उठतं. दुसरा भाग द्या, नाहीतर सरळ एप्रिल 2025 मध्ये आलेला 'कमांडोज: ओरिजिन्स' द्या. तो जर्मनीतल्या क्लेमोर गेम स्टुडिओजचा आहे. परत वरून बघायचा, सहाही जण परत आले आहेत, आणि थांबवून सगळ्यांना एकदम हुकूम देता येतात. मुख्य म्हणजे एकाच स्क्रीनचे दोन भाग करून दोघांना खेळता येतो. कंट्रोलर दोन लागतील किंवा एक कंट्रोलर आणि कीबोर्ड, ते घेण्याआधी बघून घ्या. त्याला एकट्याला देऊन उठून जाऊ नका, सोबत बसा. पहिल्या मिशनमध्ये त्याला गोळी झाडायची घाई होणार, झाडू द्या. गजर वाजला, सगळे धावून आले की तो स्वतःच विचारेल की दुसरा रस्ता कोणता.